न शिवलेल्या चार बरण्या

“यातली शिवलेली कोणती?” प्रा. राजहंसांनी विचारले आणि हातातला चमचा हवेतच थांबवला.

टेबलावर लोणच्याच्या दोन बाटल्या होत्या. एकीच्या गळ्याला हिरवा दोरा होता, दुसरीच्या गळ्याला पिवळा. तिसरी बाटली, जिच्यातल्या फोडींवर राखाडी बुरशी चढली होती, मी मुद्दाम टेबलाच्या कडेला ठेवली होती.

“हिरव्या दोऱ्याची, सर.”

चमचा पिवळ्या दोऱ्याच्या बाटलीत उतरला. राजहंसांनी एक फोड तोंडात टाकली, क्षणभर डोळे मिटले आणि मान डोलावली.

“उत्तम. मोहरी छान चढली आहे.”

“हिरवीतली घेणार नाही का?” शेजारी बसलेल्या डॉ. टेंबे बाईंनी विचारले.

“तुलनेला एक पुरे,” राजहंस म्हणाले. तुलनेला किमान दोन लागतात हे रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला सांगण्याचे धाडस मला झाले नाही. बाईंनीही ते सांगितले नाही. त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी बारीक टिपले.

त्या वर्षी विद्यापीठाने जीवशास्त्राचा ऑनर्स अभ्यासक्रम नव्याने सुरू केला होता. बी.एस्सी.चे पहिले वर्ष पार केलेल्या मोजक्या विद्यार्थ्यांना त्यात घेणार होते. राहायला वसतिगृह, काम करायला खरी प्रयोगशाळा. देवरुखच्या आमच्या महाविद्यालयात तेव्हा एकच धड सूक्ष्मदर्शक होता आणि तो कपाटात कुलूपबंद असे, कारण तो धड होता. मला तिथून निघायचे होते. दुसरी वाट दिसत नव्हती. वडिलांनी सांगून ठेवले होते की, ऑनर्सला जागा मिळाली तर शिक. नाहीतर पदवीपर्यंत इथेच, आणि मग तुझ्यासाठी आलेल्या स्थळांचा विचार करू. वडील कठोर नव्हते. त्यांना त्याशिवाय दुसरा क्रम सुचत नव्हता, इतकेच.

अर्जाला एक अट होती. उमेदवाराने स्वतः आखलेला आणि स्वतः केलेला एक छोटा प्रयोग सादर करावा. प्रयोग कशाचा असावा हे सांगितलेले नव्हते. माझा प्रश्न मला आमच्या स्वयंपाकघरात मिळाला.

वडिलांची थोरली बहीण, माझी ताईआत्या, आमच्याकडेच राहायची. घरातले सोवळे-ओवळे तिच्या ताब्यात होते. आमच्या घरचे कैरीचे लोणचे वर्ष उलटले तरी नासत नसे. मुंबईच्या नातलगांकडे त्याच्या बरण्या जात आणि पुढल्या वर्षी रिकाम्या होऊन परत येत. या टिकाऊपणाचे कारण आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची: “आमच्याकडे विटाळशीची सावलीसुद्धा पडत नाही बरणीवर. म्हणून टिकतं. पाटणकरांच्या सुना घरभर हुंदडतात, त्यांचं बघा, गणपतीपर्यंत बुरशी.”

मला या विधानात एक गोष्ट फार आवडली. ते तपासता येण्याजोगे होते.

प्रयोग मी असा आखला. एकाच टोपलीतल्या कैऱ्या, एकच मसाला, एकच तेल, सारख्या मापाच्या आठ चिनी मातीच्या लहान बरण्या. त्यांतल्या चार बरण्यांतले लोणचे मी पाळीच्या दिवसांत माझ्या हातांनी कालवायचे आणि भरायचे. उरलेल्या चार आईने भरायच्या. नंतर बरण्यांची सरमिसळ करून आईने प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधायचा आणि कोणता रंग कोणाचा हे फक्त आपल्याजवळ ठेवायचे. श्रावणात मी झाकणे उघडून प्रत्येक बरणीची स्थिती नोंदवायची आणि त्यानंतरच आईने रंगांचा उलगडा करायचा. म्हणजे बरणी उघडताना माझी इच्छा माझ्या डोळ्यांच्या आड येणार नव्हती.

आई सहज तयार झाली. तिची एकच अट होती. “वन्संना कळता कामा नये.” तिचे हे सहज तयार होणे मी तिच्या पुरोगामीपणात जमा केले आणि त्याचा मला थोडा अभिमानही वाटला.

मे महिन्यात जमून आले. मी मागच्या पडवीत बाजूला बसले होते. स्वयंपाकघरात आई वर्षाचे लोणचे घालत होती. ताईआत्या गुडघ्यांमुळे उंबऱ्याशी पाट टाकून बसली होती आणि तिथूनच हिंगापासून तेलापर्यंत सगळ्यावर देखरेख करत होती. आईने घरची मोठी बरणी आणि प्रयोगाच्या चार लहान बरण्या तिच्या डोळ्यांदेखत भरल्या. मग उरलेल्या फोडींची परात “घासायला टाकते” म्हणत मागे आणली, माझ्यासमोर ठेवली आणि आत निघून गेली. मी हात कोपरापर्यंत बरबटवून चार बरण्या भरल्या. मसाल्याने बोटे चुरचुरत होती. विज्ञानाची सेवा करताना इतका आनंद मला पुढे फार क्वचित झाला.

श्रावणात झाकणे उघडली. सात बरण्या उत्तम होत्या. लाल दोऱ्याच्या बरणीत बुरशी होती. आईने रंगांचा उलगडा केला. लाल दोरा माझ्या चारांतला होता.

आई म्हणाली, “दुसरंच काहीतरी लिही ना अर्जात. मागच्या पावसाळ्यात बेडकांच्या नोंदी ठेवल्या होत्यास, ते लिही.”

पण जे दिसले ते मी लिहिले, आणि अर्ज पाठवून दिला. मुलाखतीचे बोलावणे आले, तेव्हा तीन बरण्यांतले नमुने काचेच्या बाटल्यांत भरून त्यांना तेच दोरे बांधले. मुलीला एकटीने इतक्या लांब पाठवायचे नाही आणि वडिलांना पोस्टातून रजा मिळत नाही, म्हणून एस.टी.ने आई माझ्याबरोबर आली. आत्ता ती बाहेरच्या बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन बसली होती.

“तर,” राजहंसांनी रुमालाने बोटे पुसली, “शिवलेल्या चारांत एक नासली. न शिवलेल्या चारांत एकही नाही. बरोबर?”

“हो, सर.”

“म्हणजे आकडे तुमच्या आत्याबाईंच्या बाजूने आहेत.”

“त्यांच्या बाजूला आहेत, सर. पण पुरेसे नाहीत. आठांतली एकच बरणी नासायची असेल, तर ती या चारांत असेल किंवा त्या चारांत. नाणं उडवल्यासारखंच झालं.”

“आणि न शिवलेली नासली असती तर? तेव्हा हे नाणं आठवलं असतं का तुम्हाला?”

प्रश्न अचूक होता. माझे कान तापले.

“कदाचित नसतं आठवलं, सर,” मी म्हटले. “स्वतःचा तेवढा भरवसा नव्हता, म्हणूनच तर रंग आईकडे ठेवले होते.”

डॉ. टेंबे बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. त्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या. ठेंगण्या, केस घट्ट बांधलेल्या, आवाज इतका हळू की समोरच्याला पुढे झुकावे लागे. ही त्यांची युक्ती असावी असा मला संशय आहे.

“लाल बरणीतलं तेल कुठवर होतं?”

“फोडींच्या खाली गेलं होतं, बाई. बाकीच्या सातांत वर तरंगत होतं. पण हे मी उलगडा झाल्यानंतर पाहिलं. म्हणून ते निष्कर्षात घेतलं नाही, फक्त शेरा लिहिला.”

“हं.” बाईंनी अर्जाचे पान उलटले. “आईंनी भरलेल्या चार बरण्या न शिवलेल्या, असं तुम्ही लिहिलंय. ते कशावरून?”

मला प्रश्नच कळला नाही. “आईनं भरल्या म्हणून.”

“आईंना पाळी येते ना?”

राजहंसांनी घसा खाकरला आणि खिडकीबाहेर पाहिले. हा शब्द मी अर्जात लिहिला होता, तेव्हा तो सोपा वाटला होता. खोलीत उच्चारला गेल्यावर त्याचे वजन वाढले.

“येते. पण त्या दिवशी ती लोणचं घालत होती.”

“मग?”

“म्हणजे... ती बाजूला बसलेली नव्हती. आमच्याकडे त्या दिवसांत कुणी स्वयंपाकघरात जात नाही. आत्या समोर बसली होती.”

“तुम्ही आईंना विचारलं होतंत?”

कैऱ्यांचे वजन मी तपासले होते. मिठाचे माप तपासले होते. बरण्या उकळत्या पाण्यातून काढल्या होत्या. आत्याच्या एकूण एक विधानावर मी शंका घेतली होती. पण तिचा नियम घरात पाळला जातो, यावर मात्र माझा तिच्याइतकाच ठाम विश्वास होता.

“नाही, बाई,” मी म्हटले. “विचारलं नव्हतं.”

“आई कुठं असतात?”

“बाहेर बाकावर आहे.”

“बोलवा त्यांना.”

आई आत आली. तिने पदर खांद्यावरून ओढून घेतला, टेबलावरच्या बाटल्या ओळखल्या आणि खुर्ची दाखवली तरी उभीच राहिली.

“बसा हो,” बाई म्हणाल्या. “घाबरू नका, परीक्षा हिची आहे. दोऱ्यांचे रंग तुमच्याकडे होते?”

“हो.”

“हिला आधी सांगितले नव्हतेत?”

“नाही. ती रोज विचारायची नाही, आणि मी सांगायची नाही. तसं ठरलंच होतं.” आई खुर्चीत टेकली आणि थोडी सावरली. “हेमूचं सगळं काटेकोर असतं. चहालासुद्धा चमचा सपाट करून घेते साखरेचा.”

“आई,” मी म्हटले.

“बरं. मी सांगत्ये आपलं.”

बाईंनी पेन खाली ठेवले. “एकच विचारायचं आहे. ज्या दिवशी तुम्ही त्या चार बरण्या भरल्यात, तेव्हा तुमची पाळी चालू होती का?”

खोलीत पंखा फिरत होता. आईने माझ्याकडे पाहिले नाही. तिने राजहंसांकडे पाहिले, त्यांच्या हातातल्या चमच्याकडे पाहिले, मग बाईंकडे.

“इथं बोललेलं बाहेर जातं का?”

“नाही जात.”

“देवरुखला?”

“देवरुखला तर अजिबात नाही.”

“चालू होती,” आई म्हणाली. “दुसरा दिवस होता.”

राजहंसांनी चमचा टेबलावर ठेवला. फार हळू, काचेचा असल्यासारखा.

“आई!” या खेपेस माझा आवाज चढला. “अगं, आत्या समोर बसली होती!”

“मग? वन्संना काय दिसतं त्यात? मी सांगितलं तर कळणार ना.”

“पण का?”

“का म्हणजे? कैऱ्या येऊन पडल्या होत्या. तुझ्या काकांकडचा गडी टोपल्या टाकून गेला आदल्या दिवशी. चार दिवस ठेवल्या असत्या तर पिकल्या असत्या निम्म्या. वन्संच्यानं उठवत नाही, तू मागं बसलेली. कोण घालणार होतं लोणचं? तुझे बाबा?”

डॉ. टेंबे बाई पुढे झुकल्या. आता हळू बोलणारी माझी आई होती.

“हे याच वर्षी झालं का?”

“छे हो. जमेल तेव्हा बसते मी बाजूला. पण लोणच्याच्या, मिठाच्या, पापडाच्या वेळी आलं, तर कुणाला सांगत नाही. लग्न झाल्यापासून.”

“पहिल्यांदा भीती नाही वाटली?”

“वाटली तर! नवी नवरी मी. सासूबाई होत्या तेव्हा. वाटलं, आता नासणार सगळं आणि माझ्या नावानं शंख होणार. नागपंचमीपर्यंत रोज बरणीच्या तोंडावरचा दादरा सोडून बघत होते. मग एकदा मनाशी म्हटलं, काही होत नाहीये.” तिने पिशवीचे बंद सारखे केले. “दुसऱ्या वर्षी रोज नाही बघितलं. तिसऱ्या वर्षापासून बघायचंच सोडलं.”

राजहंसांनी बाटलीकडे बोट दाखवले. “म्हणजे ही पिवळ्या दोऱ्याची...”

“माझी आहे ती,” आई म्हणाली. मग तिच्या लक्षात आले असावे. “तुम्ही खाल्लंत का यातलं?”

“एक फोड.”

“अगंबाई.”

राजहंसांनी रुमालाने ओठ टिपले. “मोहरी घरीच भरडता?” त्यांनी विचारले.

“घरीच. विकतच्यात कडूपणा असतो.”

“तरीच,” ते म्हणाले, आणि बाटलीचे झाकण लावता लावता थांबले. मी मन लावून पाहत होते, तेव्हा हे निरीक्षण म्हणून नोंदवते: त्यांनी दुसरी फोड घेतली नाही, पण बाटली दूरही सारली नाही.

बाईंनी माझा अर्ज माझ्यापुढे सरकवला. “तुमचा निष्कर्ष वाचा बघू.”

मी वाचला. “‘शिवलेल्या आणि न शिवलेल्या बरण्यांतील फरक इतका अल्प आहे की, त्यावरून विटाळाचा परिणाम सिद्ध होत नाही.’”

“आता काय म्हणाल?”

विचार करायला फारसे काही नव्हते, आणि तेच वाईट होते. त्या एका वाक्यावर माझा सगळा उन्हाळा उभा होता. वसतिगृह, प्रयोगशाळा, कपाटाबाहेरचे सूक्ष्मदर्शक त्याच्यावर उभे होते. आईने ते वाक्य खालून काढून घेतले होते, आणि ती माझ्याशेजारी बसून पिशवीचे बंद कुरवाळत होती.

“न शिवलेली एकही बरणी नव्हती,” मी म्हटले. “तुलनाच उरत नाही. प्रयोग बाद आहे, बाई.”

“काहीच वाचवता येणार नाही त्यातलं? आठांतल्या सात टिकल्या, हे तरी?”

“ते खरं आहे. पण माझा प्रश्न तो नव्हता.” मी पेन मागून घेतले आणि निष्कर्षावर एक आडवी रेघ मारली. “आईनं आत्ता सांगितलं तेही यात घालता येणार नाही. कुठल्या वर्षी पाळी होती, कुठल्या वर्षी नव्हती, ते कुठंच नोंदलेलं नाही. ऐकायला छान आहे, पण पुरावा म्हणून कच्चं आहे.”

“बघा,” आई बाईंना म्हणाली, “असं असतं हिचं. मी एवढं सांगितलं, तर म्हणे कच्चं.”

बाई हसल्या. राजहंसही हसले, बहुधा लोणच्यावरून विषय हलल्याच्या आनंदात. मग बाईंनी आम्हाला बाहेर थांबायला सांगितले.

बाकावर आईने पिशवी पुन्हा मांडीवर घेतली. समोरच्या कडुनिंबाखाली उमेदवारांचे वडील घोळक्याने उभे होते. कुणाच्या हातात गुंडाळलेले तक्ते होते, कुणाच्या हातात काचेच्या पेटीतली फुलपाखरे.

“माझ्यामुळं गेलं ना तुझं?” तिने विचारले.

“बहुतेक.”

“नाही म्हणायला हवं होतं मी. त्यांना काय कळणार होतं?”

“का नाही म्हटलंस?”

तिने विचार केला. खरोखर विचार केला. तिच्या कपाळावर ती आठी मी फक्त तिच्या विणकामाच्या वेळी पाहिली होती.

“त्या बाईंनी सरळ विचारलं गं,” ती म्हणाली. “इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.”

मला तिच्यावर चिडता येईना. मी प्रयत्न केला होता. पण चिडण्याच्या आड सारखे एक चित्र येत होते. वीस-बावीस वर्षांची एक मुलगी, सासू झोपल्यावर भर दुपारी दादऱ्याची गाठ सोडते आहे, बरणीत डोकावते आहे, पुन्हा गाठ मारते आहे, आणि उद्या पुन्हा येते आहे. तिला कुणी अर्जाची अट घातली नव्हती.

“पहिल्या वर्षी नासलं असतं तर काय केलं असतंस?” मी विचारले.

“काय करणार? पुन्हा हात लावला नसता.” मग थोडे थांबून, “किंवा तेल बघितलं असतं, वर होतं की नाही ते. मला पहिल्यापासून तेलाचाच संशय होता.”

मी तिच्याकडे पाहतच राहिले. ती पिशवीतून पोळीभाजीचा डबा काढत होती.

दार उघडून डॉ. टेंबे बाई बाहेर आल्या. तिन्ही बाटल्या त्यांनी स्वतःच आणल्या होत्या. बुरशीची आणि हिरव्या दोऱ्याची त्यांनी माझ्या हातात दिली. पिवळी आईपुढे धरली.

“ही राहू दे का इथं? राजहंस सर विचारत होते.”

“राहू दे की!” आई म्हणाली. “पण त्यांना चालेल का?”

“ते म्हणतात, त्यांनी काही ऐकलेलं नाही.”

मग त्या माझ्याकडे वळल्या. “प्रयोग वाईट आखला होतात. पुढल्या उन्हाळ्यात पुन्हा करा. बरण्या जास्त घ्या, आणि सगळ्यांना सगळं विचारा. आमच्या प्रयोगशाळेत खिडकीखालची फळी मोकळी असते.”

एवढे बोलून त्या आत गेल्या. पुढच्या उमेदवाराची फुलपाखरे त्यांच्यामागून आत गेली.

आईने डब्याचे झाकण तसेच हातात धरले होते. “काय म्हणाल्या गं त्या? फळीचं काय?”

“घेतलं म्हणाल्या.”

“तसं कुठं म्हणाल्या?”

“फळी त्यांची आहे, आई. पुढल्या उन्हाळ्यात तिथं बरण्या ठेवायला मी तिथं असायला हवी ना.”

तिने हे मनात मांडून पाहिले, हिशेब जुळल्यावर मान हलवली आणि मला पोळीचा घास भरवला. सगळ्या वडिलांच्या देखत, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना.

प्रयोग मी पुढल्या उन्हाळ्यात पुन्हा केला. या वेळी बरण्या पुष्कळ होत्या आणि वसतिगृहातल्या मुली हौसेने सामील झाल्या. प्रत्येकीला सगळे विचारले. निकाल कंटाळवाणा आला, म्हणजे अगदी हवा तसा. जिथे तेल खाली गेले होते तिथे बुरशी आली. हात कुणाचा आणि कधीचा, याची बुरशीने दखल घेतली नाही. पुढे त्याच विभागात मी अनेक वर्षे शिकवले. ती फळी अजून आहे. राजहंस सर निवृत्त होईपर्यंत दर जूनमध्ये माझ्या टेबलाशी येऊन आईच्या प्रकृतीची चौकशी करत, आणि मी त्यांना बाटली देत असे. दोऱ्याचा रंग त्यांनी पुन्हा कधी विचारला नाही.

पण मला त्या वर्षातले सर्वांत नेमके आठवते ते देवरुख सोडायच्या दिवशीचे. ट्रंक ओटीवर येऊन पडली होती. ताईआत्याने गुडघे धरत धरत मोठ्या बरणीतले लोणचे माझ्यासाठी काढायला लावले होते आणि स्वतः उंबऱ्याशी पाटावर बसून देखरेख करत होती. आई पळीने फोडी काढत होती, तेल वर येईल असे दाबून भरत होती.

“वसतिगृहावर कुणाला हात लावू देऊ नकोस हो बरणीला,” आत्याने मला बजावले. “तिथं सगळं एकत्र. काय पाळतात, काय नाही, देव जाणे. हे आपलं सोवळ्यातलं आहे, म्हणून टिकतं. हो की नाही गं?”

आईने दादऱ्याची गाठ मारली, दोन्ही टोके ओढून घट्ट केली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

“अगदी बरोबर, वन्सं. दोन वर्षं हलणार नाही.”